शेतात-रानात वापरायला स्वस्त, न मिटणारा चाकू हवाय. पातं कोणत्या पोलादाचं घ्यावं?

ट्रकच्या कमानपाट्याचं किंवा १०९५ कार्बन पोलाद घ्या; स्वस्त चाकूवर नुसतं ‘स्टेनलेस’ लिहिलं असेल तर सोडा. पाट्यात साधारण ०.६ टक्के कार्बन, म्हणून आपटलं तरी तुकडा उडत नाही. १०९५ मध्ये ०.९५ च्या आसपास, त्याची धार जास्त टिकते. पऱ्हाटी तोडायची, बांबू फोडायचा तर पाटाच बरा. अर्थात लोहाराने पाणी नीट दिलं नसेल, म्हणजे पातं तापवून झटक्यात थंड करून कडक केलं नसेल, तर दोन्ही फुकट! नवी कानस धारेवर हलकेच ओढा: घसरली तर ठीक, रुतली तर पातं मऊ. मात्र हे पोलाद गंजतं. पावसाळ्यात, किंवा संत्रं-लिंबू कापल्यावर लगेच पुसून तेलाचा हात फिरवा. तेवढं होणार नसेल तर थोडे जास्त पैसे घालून १२सी२७ स्टेनलेस घ्या.