आईच्या थायरॉइडच्या गाठीत आरईटी या जीनमध्ये म्युटेशन (बिघाड) निघालंय, रक्तात कॅल्सिटोनिनही वाढलंय, पण घरात आधी कुणालाच कॅन्सर नव्हता. आम्ही भावंडांनी टेस्ट करायची गरज आहे का?

‘घरात आधी कुणालाच नव्हता’ हे आमच्या काकांचं लाडकं वाक्य, म्हणून लिहायला बसले.

आधी तुमचं. कॅल्सिटोनिन हे हार्मोन वाढल्याचं लिहिलंय, म्हणजे मेड्युलरी, थायरॉइड कॅन्सरचा एक प्रकार, धरून चालते. मेड्युलरीचे साधारण 75 टक्के पेशंट स्पोरॅडिक असतात, म्हणजे आजार घराण्यातून आलेला नसतो. त्यांच्यातही आरईटी बरेचदा बिघडलेला सापडतो, पण फक्त गाठीत. उरलेल्या 25 टक्क्यांत तो जन्मापासून अंगभर असतो. गाठीच्या रिपोर्टवरून यातलं कुठलं ते ठरत नाही. म्हणून रक्त आधी आईचं तपासा, तुमचं नाही. तिच्या रक्तात नसेल तर तुम्ही मोकळे. असेल तर प्रत्येक भावंडाला 50 टक्के शक्यता, मग मुलगा असो की मुलगी.

आता काका. पप्पांना मेड्युलरी निघाला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला बीपीचा काही त्रास? काका ठामपणे म्हणाले, नाही. आजोबा गिरणी कामगार, लालबागला राहायचे. मधेच दरदरून घाम, डोकं ठणकायचं, छाती धडधडायची. हर्नियाच्या साध्या ऑपरेशनला नेलं आणि बीपी भडकून टेबलावरच गेले. घरात त्याला ‘हार्ट’ म्हणायचे. पप्पांच्या रक्तात आरईटीच्या 634 व्या कोडॉनवर, म्हणजे जीनमधल्या एका ठरावीक जागी, बदल सापडला. या आनुवंशिक आजाराचं नाव एमईएन 2ए, आणि 634 वाल्या जवळपास निम्म्या लोकांना पुढेमागे मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत फिओक्रोमोसायटोमा, म्हणजे बीपी भडकवणारी गाठ, होते. आजोबांचं आता सिद्ध करता येणार नाही, पण मला शंका नाही. कॅन्सर घरात नव्हता, की कुणी शोधला नव्हता?

मी पॉझिटिव्ह निघाले, थायरॉइड काढली, रोज सकाळी गोळी घेते. भाऊ निगेटिव्ह. काकांनी मात्र ना स्वतःची टेस्ट केली, ना त्यांच्या मुलीची, म्हणजे माझ्या चुलत ताईची, करू दिली, कारण तिचं बघणं चालू होतं. ‘कळलं तर स्थळ हातचं जाईल.’ मी म्हटलं, जाऊ दे. त्यावरून गणपतीतही आमचं येणंजाणं बंद झालं. माझं लग्न तर सगळं सांगून झालं, कुणी पळून गेलं नाही. ताईला आता मुलगा आहे. 634 असलेल्या मुलांची थायरॉइड पाच वर्षांच्या आत काढायला सांगतात. म्हणजे काकांनी झाकलं ते फक्त मुलीचं नाही, नातवाचंही. आरईटीचा हा संबंध 1993 मध्येच कळलाय. ‘नशिबात असेल ते होईल’ हे निदान या आजारात तरी मला ऐकवू नका.

घरात एकदा नेमका बदल कळला की बाकीच्यांची फक्त तेवढीच जागा तपासायची असते. परळला टाटामध्ये कॅन्सर जेनेटिक्सची ओपीडी आहे, तिथे विचारा. तुमच्याकडेही एखादे काका असतीलच. त्यांची परवानगी घेत बसू नका, रक्त तुमचं आहे.

हो, दोन गोष्टी राहिल्या. आईचं ऑपरेशन व्हायचं असेल तर त्याआधी मेटानेफ्रिन (फिओक्रोमोसायटोमा ओळखायची टेस्ट) तपासलंय का ते विचारा. आणि बायोप्सीच्या कागदावर ‘मेड्युलरी’ हा शब्द स्वतः वाचा. पॅपिलरी या थायरॉइड कॅन्सरच्या दुसऱ्या प्रकारातही बिघडलेला आरईटी येतो, पण तो तुटून दुसऱ्या जीनला जोडला गेलेला, चेर्नोबिलच्या अणुअपघातानंतर तिथल्या मुलांच्या गाठींत दिसला तसा. तो आईकडून मुलांकडे येत नाही. तसं असेल तर मी वर लिहिलेलं बहुतेक तुम्हाला लागू नाही, काकांचं सोडून.