लाकडी सभामंडपाची प्रकाशयोजना: फ्लडलाइट का नको

प्रश्न असा आहे: देवळाचा जुना सागवानी सभामंडप, पाच खणांचा, भिंतींवर चित्रं. तिथेच कीर्तन, लग्नं, ग्रामसभा. वायरमन चार कोपऱ्यांत 100 वॅटचे फ्लडलाइट लावा म्हणतोय.

कृपा करून लावू नका. कीर्तनाला माणसं खाली बसतात, कोपऱ्यातला झोत थेट डोळ्यांत जातो, खांबांच्या सावल्या श्रोत्यांवर पडतात आणि दिव्याजवळच्या चित्रावर शेकडो लक्स (पृष्ठभागावर पडणारा प्रकाश मोजायचं एकक) येतात. नाजूक रंगांना 50 लक्स पुरे. हे नुकसान साठत जातं: 200 लक्स दोन तास म्हणजे 50 लक्स आठ तास. गेरू तग धरतो, नीळ आणि लाखेचा रंग आधी उडतो. म्हणून चित्रांच्या दिव्यांना स्वतंत्र सर्किट आणि टायमर द्या.

तुळयांच्या बगलेला वर तोंड करून एलईडी पट्टी लावली की तक्तपोशी, म्हणजे लाकडी छत, फार सुंदर उजळते. पण काळपटलेलं सागवान प्रकाश परत फेकत नाही, त्यामुळे तेवढ्यावर ग्रामसभेचे कागद वाचता येणार नाहीत. खाली प्रकाश हवा तर प्रत्येक खणात 7 वॅटचे दोन स्पॉट, 36 अंशांचा झोत, 2700 केल्विन (उबदार पिवळसर प्रकाश), सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) 90च्या वर, तोंडाला झगमगाट अडवणारी जाळी. ते जवळपास सरळ खाली रोखा. तिरपे केले की पुन्हा डोळ्यांत. कीर्तनकारावर दोन बाजूंनी, साधारण 45 अंशांतून. कीर्तन, लग्न, सभा, रोजचं दर्शन असे चार प्रसंग डिमरवर आधीच बसवून ठेवा.

डिमर आणि ड्रायव्हर (एलईडीला हवी तशी वीज देणारा भाग) एकमेकांना मानवत नसतील तर मंद केल्यावर दिवा लुकलुकतो. डोळ्यांना ते बऱ्याचदा जाणवत नाही, लग्नाच्या व्हिडिओत मात्र पट्टे येतात. एकच संच आणून मंद करा, मोबाइलवर स्लो मोशनमध्ये पाहा, मगच बाकीचे घ्या.

लाकडाला भोक नको: तुळईला पट्टीचा क्लॅम्प, मध्ये चामडं. वायर धातूच्या नळीतून, तुळईच्या मागच्या अंगाने. ड्रायव्हर लाकडावर नाही, हात पोचेल अशा हवेशीर धातूच्या पेटीत. 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. चुन्याच्या गिलाव्यात खाचा मारून सिमेंटने बुजवू नका, ओल अडकून क्षार फुटतात. वास्तू संरक्षित असेल तर आधी पुरातत्त्व खात्याची परवानगी.

आणि मंडपाबाहेर 16 अँपिअरचे चार प्लग पॉइंट आणि सजावटीसाठी सुटे लोखंडी खांब ठेवा. ते नसले की डेकोरेटर माळा बांधायला कोरीव खांबांतच खिळे ठोकतो.