टीममधून काढल्यानंतरचे महिने

भावा,

तुझा मेसेज यायच्या आधीच मला कळलं होतं. कोल्हापुरातल्या पेठेतली बातमी इथं अमेरिकेत ह्यूस्टनला पोचायला काय वेळ लागतोय, ग्रुपवर कुणीतरी टाकलंच, वेस्ट झोनच्या फुटबॉल कॅम्पमधनं पोराला काढलं म्हणून, आणि खाली पन्नास जणांचे पन्नास सल्ले. मी तिथं काही लिहिलं नाही कारण मला तुझ्याशीच बोलायचं होतं. तू लिहिलंयस, कोच सरांनी माझं करिअर संपवलं. ते वाक्य डोक्यात घट्ट बसायच्या आधी मला त्याच्यावर बोलायचंय, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय, निवांत वाच.

आधी नियमाचं उरकतो. रात्री दहानंतर हॉस्टेलबाहेर जायचं नाही हे पहिल्या दिवशी सांगितलेलं, तू दोनदा सापडलास, दोन्ही वेळा वॉर्निंग दिली, तिसऱ्यांदा पिऊन आलास. बाकीचे पण जातात, ते सापडले नाहीत एवढंच, असं तू म्हणतोस आणि ते खरंही असेल. पण सरांसमोर तू होतास आणि अठरा पोरं बघत होती की टीममधल्या सगळ्यात भारी प्लेअरला काय होतंय. त्या जागी मी असतो तरी तेच केलं असतं. मला तू लहान असल्यापासून माहितीयस, तरी केलं असतं.

आता तुला एका पोराबद्दल सांगतो. इथं टेक्सास-लुईझियानाकडं कॉलेज फुटबॉलचं वेड म्हणजे आपल्या शाहू स्टेडियमवरच्या फायनलला असतं तसं, फक्त नव्वद हजार लोकांचं. त्यांचा फुटबॉल वेगळा, हेल्मेटवाला, हातात धरून पळायचा, ते तुला माहितीये. टायरन मॅथ्यू नावाचा पोरगा होता, न्यू ऑर्लीन्सचा. बाप खुनाच्या शिक्षेत जन्मठेप भोगत होता, आजोबांनी वाढवला, आजोबा गेल्यावर काका-काकूंनी दत्तक घेतला. उंची पाच फूट नऊ इंच, म्हणजे त्या खेळात बुटकाच. पण लुईझियाना स्टेट युनिव्हर्सिटी, एलएसयू म्हणतात तिला, तिथं गेला आणि असा खेळला की लोक त्याला हनी बॅजर म्हणायला लागले, ते अंगानं लहान पण कुणालाही न भिणारं जनावर असतं ना, ते. समोरचा बॉल घेऊन पळत असताना त्याच्या हातातनं बॉल पाडायचा ही त्याची खासियत, आणि बाकीचे अजून बॉल कुठाय बघतायत तोवर हा उचलून पळालेला असायचा.

२०११ चा सीझन तर विचारूच नको. नोव्हेंबरमध्ये आर्कान्सासविरुद्ध टीम १४-० मागे होती, यानं प्रतिस्पर्ध्यानं मारलेली किक उचलली आणि ९२ यार्ड पळत जाऊन बरोबरी करून दिली. पुढच्याच आठवड्यात एसईसीची, म्हणजे त्यांच्या भागातल्या युनिव्हर्सिट्यांच्या लीगची फायनल, समोर जॉर्जिया, तिथं पण १०-० मागे आणि तिथं पण यानंच ६२ यार्डांची रिटर्न करून मॅच फिरवली, एमव्हीपी, म्हणजे मॅचचा सर्वोत्तम खेळाडू, तोच. हाइसमन ट्रॉफी म्हणजे तिथल्या कॉलेज फुटबॉलमधलं सगळ्यात मोठं बक्षीस, ते बहुतेक अटॅकवाल्यांनाच मिळतं, हा डिफेन्सचा असून शेवटच्या पाचात न्यूयॉर्कला गेला. अंगावर सात नंबरची जर्सी, जी एलएसयूमध्ये कुणालाही मिळत नाही, त्याच्या आधी पॅट्रिक पीटरसन घालायचा आणि तो तोवर एनएफएलमध्ये, म्हणजे तिथल्या प्रोफेशनल लीगमध्ये, पोचला होता.

आणि १० ऑगस्ट २०१२ ला, नवा सीझन तोंडावर असताना, कोच लेस माइल्सनं याला टीममधनं काढून टाकलं. टीमचे नियम मोडले म्हणून. गांजाच्या टेस्ट फेल झाल्या होत्या, आदल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये एका मॅचसाठी बाहेर बसवलेलं, तेवढ्यानं भागलं नाही. वय वीस. तुझ्याएवढाच.

बघ, माइल्सला तो नको होता असं कोण म्हणेल? आदल्या वर्षी ओळीनं तेरा मॅच जिंकून टीम नॅशनल फायनलला गेलेली, तिथं अलाबामाकडनं २१-० हरली, आणि ते उट्टं काढायचं असलं तर हाच पोरगा पाहिजे होता. तरी काढला. एलएसयू त्या वर्षी याच्याशिवाय दहा मॅच जिंकली. हे ऐकायला कडू वाटेल पण ऐक, टीम तुझ्याशिवाय खेळणार आहे, जिंकेल पण, आणि ते बघताना पोटात खड्डा पडणार आहे. ते मॅचचे व्हिडिओ बघत बसू नकोस म्हणणार नाही मी, तू बघणारच. पण बघितल्यावर कुणाबरोबर बसतोस ते मात्र बघ.

कारण मॅथ्यूचं खरं नुकसान ऑगस्टमध्ये झालं नाही असं मला वाटतं. काढल्यावर त्याच्याकडं रस्ता होता, मॅकनीस स्टेट नावाची खालच्या डिव्हिजनची युनिव्हर्सिटी तिथंच लुईझियानात, तिकडं गेला असता तर त्याच सीझनला खेळता आलं असतं, वरच्या डिव्हिजनला गेला तर एक वर्ष बसावं लागलं असतं असा नियम होता. तो मॅकनीसला गेला नाही. इथं ह्यूस्टनला जॉन लुकासकडं आला. हा लुकास म्हणजे बास्केटबॉलच्या एनबीए लीगच्या १९७६ च्या ड्राफ्टमधला, म्हणजे टीम्स नवे खेळाडू निवडतात त्यातला, पहिला नंबर, स्वतः कोकेनमध्ये अडकून बाहेर पडलेला माणूस, व्यसनातनं बाहेर यायला बघणाऱ्या खेळाडूंना तो सांभाळतो. म्हणजे पोरानं योग्य पाऊल उचललं होतं. मग तो परत एलएसयूला गेला, साधा विद्यार्थी म्हणून, क्लासला बसायला. तेच गाव, तेच दोस्त, पण आता प्रॅक्टिस नाही, मीटिंग नाही, जिम नाही, शनिवारची मॅच नाही. ऑक्टोबरच्या शेवटी गांजा बाळगल्याच्या आरोपावरून अटक झाली, आणि बरोबर पकडले गेलेले तिघंही एलएसयूचेच माजी प्लेअर. सगळ्या देशानं बघितलं. ज्या एनएफएल टीम्स ऑगस्टमध्ये म्हणत होत्या की ठीक आहे, पोरगं आहे, सुधारेल, त्यांना आता कोण काय सांगणार?

मला तुला हेच सांगायचंय. टीम काढते तेव्हा खेळ जातो असं आपल्याला वाटतं, पण खेळ तुझ्या पायात आहे तो कुठं जात नाही, जातो तो दिवस. सकाळी साडेपाचला उठायचं कारण जातं, संध्याकाळी चार ते सात काय करायचं हा प्रश्न कधी पडलाच नव्हता तो एकदम समोर येऊन बसतो, रात्री लवकर झोपायचं कारण जातं कारण उद्या पळायचंच नाहीये. आणि त्या रिकाम्या वेळेत तुझ्याकडं कोण येणार? ज्यांना पण काही काम नाही ते. वाईट असतात असं नाही, माझे पण असले दोस्त आहेत जिवाभावाचे, पण या दोन-तीन महिन्यांत तू त्यांच्यासोबत कट्ट्यावर बसलास तर तुझं काय होईल मला माहितीये, आणि तुलाही.

म्हणून पहिलं काम, चार ते सात भरून टाक. मैदान तेच पाहिजे असं नाही, रंकाळ्याभोवती पळ, एकटा पळ. सरांनी दिलेला फिटनेसचा चार्ट आहे ना तुझ्याकडं, तोच चालू ठेव, कुणी बघत नसताना. आणि शाळेच्या पोरांना कोण शिकवत असेल तर जाऊन म्हण की प्रॅक्टिसचे कोन लावतो, बॉल गोळा करतो, पैसे नकोत. तुला लाज वाटेल. वाटू दे.

दुसरं. पेठेतल्या टीमची ऑफर आली असणार एव्हाना, नसली तर येईल, सर गेले उडत, आमच्याकडं ये, तुला नऊ नंबर देतो. मला माहितीये ते प्रेमानं म्हणतायत. या सीझनला नको म्हण. इथं मला आणखी एकाचं सांगावंसं वाटतं, रायन पेरिलू. तो पण एलएसयूचा, तो पण लुईझियानाचाच, क्वार्टरबॅक, म्हणजे अटॅक चालवणारा, बॉल फेकणारा. २००७ च्या त्याच एसईसी फायनलचा एमव्हीपी, त्याच सीझनला टीम नॅशनल चॅम्पियन झाली, आणि मे २००८ मध्ये याच लेस माइल्सनं त्याला काढलं. तो लगेच खालच्या डिव्हिजनला जॅक्सनव्हिल स्टेटला गेला, खेळला, चांगला खेळला. २०१० च्या ड्राफ्टमध्ये त्याला एकाही टीमनं घेतलं नाही. मी त्या पोराला नावं ठेवत नाही, त्याच्या आयुष्यात काय काय चाललं होतं ते मला इथून काय कळणार, आणि क्वार्टरबॅककडनं टीमला जरा जास्तच भरवसा लागतो हे पण आहे. पण दोघांची गोष्ट शेजारी ठेवली की मला दिसतं ते असं की दुसऱ्या टीमकडनं गोल मारून पहिल्या टीममधलं वागणं पुसलं जात नाही. लोकांना तुझ्या पायांबद्दल शंका नव्हतीच कधी. शंका दुसऱ्याच गोष्टीची आहे आणि तिचं उत्तर मैदानावर देता येत नाही, त्याला वेळ द्यावा लागतो.

मॅथ्यू पुढं कसा उभा राहिला ते ऐक. २०१३ चा ड्राफ्ट, सगळं सरळ असतं तर वरच्या नंबरांत गेला असता, तो गेला तिसऱ्या राउंडला, ६९ वा, ॲरिझोना कार्डिनल्सकडं. आणि त्यांनी घेतला त्यात मोठा वाटा पॅट्रिक पीटरसनचा, आठवला का, सात नंबरची जर्सी आधी घालणारा. तो तेव्हा ॲरिझोनात होता, त्यानं टीमला सांगितलं, पोराला घ्या, मी बघतो त्याच्याकडं. आपलं नाव पणाला लावलं त्यानं. मॅथ्यूनं पण टीमच्या अटी मान्य केल्या, नियमित ड्रग टेस्ट देत राहायची ही पण. हाइसमनपर्यंत गेलेला पोरगा, टेस्टसाठी लघवीचा कप भरून द्यायला उभा राहिला वेळच्या वेळी. मला यात त्याचा मोठेपणा वाटतो, खरंच, त्या ९२ यार्डांपेक्षा जास्त.

पहिल्याच वर्षी गुडघा गेला, २०१५ ला परत गेला, दोन्ही वेळा परत आला. तीन वेळा ऑल-प्रो, म्हणजे लीगमधल्या त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत. कॅन्सस सिटी चीफ्सबरोबर फेब्रुवारी २०२० मध्ये सुपर बोल, म्हणजे एनएफएलची फायनल, जिंकला. २०२२ ला आपल्या गावच्या न्यू ऑर्लीन्स सेंट्स टीमकडं आला आणि २०२५ मध्ये रिटायर झाला, बारा सीझन खेळून. हे तुला स्वप्न दाखवायला सांगत नाहीये, सगळ्यांचं असं होत नाही, बहुतेकांचं होतच नाही. मला त्यातला मधला भाग पाहिजे होता, ऑगस्ट ते एप्रिल, जिथं टाळ्या नव्हत्या.

तुझा पीटरसन कोण आहे याचा विचार कर. एक माणूस, जो तुझ्यासाठी शब्द टाकेल आणि ज्याचा शब्द चालतो. माझं नाव पहिलं येईल तुझ्या डोक्यात पण मी हजारो मैलांवर, मी काय बघणार तुझ्याकडं, मला तू फोनवर काहीही सांगशील. तुझा गोलकीपर दोस्त आहे ना, गेल्या वर्षी पास आउट झालेला, बँकेत लागलाय, सर त्याचं ऐकतात. त्याच्याकडं जा, सगळं खरं सांग, तिसऱ्या रात्रीचं पण. अर्धवट सांगून त्याला सरांकडं पाठवू नकोस, तो तोंडावर पडेल आणि तू कायमचा गमावशील त्याला.

आणि सरांकडं स्वतः जा. परत घ्या म्हणायला जाऊ नकोस. जायचं, माझी चूक होती म्हणायचं, टीमला शुभेच्छा द्यायच्या, निघायचं. ते बसा म्हणाले तर बस, नाही म्हणाले तर राहू दे. पण पोरांना जमवून निवेदन वगैरे देणं चाललंय असं ऐकतोय, ते आजच्या आज बंद कर. आणि तो स्टेटस काढ. ज्यानं तुला राइट बॅकचा स्ट्रायकर केला त्या माणसाबद्दल तू काय लिहिलंयस ते एकदा मोठ्यानं वाच.

पिण्याचं एक विचारतो, मला उत्तर देऊ नकोस, स्वतःला दे. कॅम्पमध्ये असताना, दोन वॉर्निंग मिळालेल्या असताना, तुला बाहेर जावंसं का वाटलं? मजा म्हणून असेल तर ठीक, थांबेल. पण गेल्याशिवाय राहवलं नाही असं असेल तर डॉक्टरकडं जायचं, लाजायचं नाही. सीपीआर सरकारी हॉस्पिटलमध्ये दाखव नाहीतर मला सांग, चांगले सायकियाट्रिस्ट माहितीयत माझ्या ओळखीच्यांना, फी मी बघतो. लुकाससारखा धट्टाकट्टा माणूस एकट्याच्या जोरावर सुटला नव्हता.

परीक्षेचा फॉर्म भरलायस का? शेवटच्या वर्षाचे दोन विषय राहिलेत हे मला विसरायला झालेलं नाही. पुढच्या वर्षी खेळायची इलिजिबिलिटी त्याच्यावर आहे, अ‍ॅडमिशन नसेल तर सर कितीही मोठ्या मनाचे असले तरी घेणार कसे.

आईला अजून सांगितलं नाहीयेस असं तुझ्या मेसेजवरनं वाटतंय, कॅम्प लवकर संपला असं सांगितलंयस बहुतेक. आज सांग. भाजीला बाहेर पडली की कुणीतरी तिला विचारणारच आहे, पोरगं घरी कसं काय म्हणून, आणि तिला रस्त्यात उभं राहून ते कळायला नको. सांगून झालं की मला मिस्ड कॉल दे, कितीही वाजले असू देत इथं, मी लगेच तिला फोन करतो.

तुझा,
दादा