सिनेमातले आणि क्रिकेटमधले हिरो बघून पोरगं चांगला कॅप्टन होतं का?

तुम्ही विचारलंय की मुलगा आठवीत आहे, शाळेच्या कबड्डी संघाचा कॅप्टन झालाय. दिवसभर मोबाईलवर क्रिकेटपटूंचे आणि खेळावरच्या सिनेमांतल्या भाषणांचे तुकडे बघतो आणि मैदानावर तसाच संघातल्या पोरांवर ओरडतो. त्याच्यापुढं कोणाचा आदर्श ठेवावा?

मी धाराशिव जिल्ह्यात क्रीडाशिक्षक आहे. शिकवतो मुख्यतः खो-खो, पण कबड्डीची पोरंही हाताखालून गेली आहेत. माझं मत सरळ सांगतो. त्याचे हिरो त्याच्याकडून काढून घेऊ नका. ते त्याला पहाटे उठवतात आणि ते काम लहान नाही. पण कप्तानी कशी करायची, हे त्यानं आपल्याच तालुक्यातल्या, त्याच्याहून चार-दोन वर्षांनी मोठ्या खेळाडूकडून शिकावं. त्याचं कारण सांगतो.

खेळावरच्या सिनेमात कॅप्टनला किंवा प्रशिक्षकाला बोलावंच लागतं. अडीच तासांत अख्ख्या हंगामाची मेहनत दाखवायची असते, कॅमेऱ्याला चेहरा लागतो, कानाला आवाज लागतो. म्हणून सामन्याआधी भाषण येतं, संगीत चढतं आणि पोरं जिंकतात. ते बघून माझ्याही अंगावर काटा येतो. पण कॅप्टनचं खरं काम भाषणाच्या आधीच झालेलं असतं आणि ते पडद्यावर दिसण्यासारखं नसतं.

खो-खोचंच घ्या. संरक्षणाला आपले गडी तीन-तीनच्या तुकड्यांनी मैदानात उतरतात. कोण कोणत्या तुकडीत, हा क्रम डाव सुरू होण्याआधी गुणलेखकाकडं लिहून द्यावा लागतो. मग डाव कितीही फिरला तरी तो बदलता येत नाही. म्हणजे कॅप्टनला आपल्या माणसांची पारख आधीच असावी लागते. कोण दमल्यावरही डोकं शांत ठेवते, कोण पहिल्या दोन खोंत घाबरते, कोण खांबाजवळ बरी खेळते, हे सगळं.

आमच्या मुलींच्या संघात दहावीतली एक कॅप्टन होती. जिल्हास्तरीय सामना होता. संघातली सगळ्यात नवखी पोर वहीवर नावं लिहायच्या वेळी कोपऱ्यात जाऊन बसली. दुसरी एक मुलगी येऊन म्हणाली, "सर, ती रडायलीय. मला नका घेऊ म्हणायलीय." मी उठणार, तेवढ्यात कॅप्टननं वही ओढली. सगळ्यात चांगली पळणारी पहिल्या तुकडीत ठेवायची, हा आमचा ठरलेला रिवाज आणि सगळ्यात चांगली पळणारी ही कॅप्टनच. तिनं पहिल्या तुकडीतलं स्वतःचं नाव खोडलं आणि दुसऱ्या तुकडीत त्या पोरीच्या नावाखाली लिहिलं. तिच्याजवळ जाऊन एवढंच म्हणाली, "तू खांब सोडू नको. बाकीचं मी बघते."

आणि तिनं खरंच बघितलं. पाठलाग करणारीला हुल देऊन ती पुन्हा पुन्हा स्वतःच्या अंगावर घ्यायची, बसलेल्या मुलींच्या मधून साखळी करत खेळ दुसऱ्या टोकाला न्यायची. तिकडं नवख्या पोरीला खांबाजवळ श्वास घ्यायला फुरसत मिळायची. तो डाव मी बाजूला उभा राहून बघितला आणि एकदाही तोंड उघडायची गरज पडली नाही. सामना आम्ही एका गुणानं गमावला. ती नवखी पोर पुढच्या वर्षी पहिल्या तुकडीत होती.

आता मोठ्या नावांकडं येतो, कारण मोठी नावं नकोत असं मी म्हणतच नाही. बीडचा क्रिकेटपटू सचिन धस याचं नाव त्याच्या वडिलांनी तेंडुलकरवरून ठेवलं. इतक्या लांबचा आदर्श, पण तो पोरगा वाढला बीडच्या मैदानावर, तिथल्याच खेळपट्टीवर रोज चेंडू खेळत. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी दक्षिण आफ्रिकेत बेनोनीला १९ वर्षांखालील विश्वचषकाची उपांत्य फेरी होती. भारतासमोर २४५ धावांचं लक्ष्य आणि ३२ धावांत ४ गडी बाद. तिथून कर्णधार उदय सहारन आणि सचिन यांनी १७१ धावांची भागीदारी केली. सचिनच्या ९६ धावा सगळ्यांना आठवतात, आमच्या भागात तर जास्तच. पण तुमच्या मुलाला तो सामना दाखवा तेव्हा सहारनकडं बघायला सांगा. १२४ चेंडूंत ८१. हातातली बॅट आवरून एक टोक धरून उभा राहिलेला कर्णधार आणि समोरच्याला मोकळं खेळू देणारा. सचिनच्या ९६ धावा ९५ चेंडूंत झाल्या, त्यात समोर उभ्या असलेल्या माणसाचा वाटा मोठा आहे. रील कापणारे हा भाग कापून टाकतात, कारण त्यात बघण्यासारखं काही घडत नाही असं त्यांना वाटतं.

आमच्या मुलींसाठी असं नाव म्हणजे सारिका काळे. धाराशिवच्या. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारतीय महिला खो-खो संघानं सुवर्णपदक घेतलं, तेव्हा त्या कर्णधार होत्या. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला तो २२ वर्षांनी आला होता. खेळाच्या दिवसांत कित्येक वर्षं एक वेळच्या जेवणावर काढली, हे त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे. अर्जुन जाहीर झाला तेव्हा त्या तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी होत्या. म्हणजे खेळातून मान मिळतो आणि पोटापाण्याची सोयही लागते, हे आमच्या पोरींच्या आयांना कुणी समजावून सांगायची गरज राहिली नाही. आधी म्हणायच्या, "पळून पळून काय मिळणाराय?" आता तसं म्हणणाऱ्या कमी झाल्यात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं आणि कर्णधार होती मूळची बीड जिल्ह्यातली प्रियांका इंगळे. त्या दिवसानंतर नाव नोंदवायला आलेल्या मुलींमध्ये अशाही होत्या, ज्यांच्या घरातून आजवर कुणी मैदानात उतरलं नव्हतं.

जवळच्या माणसाचं बळ हे असं असतं. तेंडुलकरसारखं व्हायचं म्हटलं तर पोराला सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. सारिका काळेंसारखं व्हायचं म्हटलं तर मैदान माहीत असतं, एसटी कोणती ते माहीत असतं, त्यांच्याबरोबर खेळलेलं कुणीतरी ओळखीचं निघतं.

सिनेमातल्या माणसांचा प्रभाव पडतच नाही, असंही नाही. मी तो डोळ्यांनी बघितलाय, पण मैदानावर नाही, दुष्काळात. २०१६ ला आमिर खानच्या पाणी फाउंडेशननं वॉटर कप सुरू केला, म्हणजे श्रमदानानं पाणी अडवायची गावागावांतली स्पर्धा. पहिल्या वर्षी फक्त तीन तालुके होते आणि त्यातला एक आपला अंबाजोगाई. आमिर खानचं नाव होतं म्हणून लोक ऐकायला बसले, हे खरंच आहे. दुसऱ्या कुणी येऊन "उन्हाळ्यात श्रमदान करा" म्हटलं असतं तर लोकांनी चहा पाजून वाटेला लावलं असतं. पण स्पर्धा ४५ दिवसांची, आणि एप्रिल-मे म्हणजे आमच्याकडं काय ऊन असतं ते तुम्हाला माहीत असेल. नटाच्या चेहऱ्यावर पहिला दिवस निघतो, फार तर पहिला आठवडा. त्यानंतर पहाटे टिकाव-खोरं घेऊन कोण येतं, हे गावातल्या माणसावर ठरतं. कुठं शिक्षक, कुठं प्रशिक्षण घेऊन आलेली एखादी सून, कुठं आधी कुणाच्या खिजगणतीत नसलेला पोरगा. एका गावात मी बघितलं, भावकीतल्या भांडणामुळं दोन घरं एकमेकांच्या बांधाजवळ जात नव्हती. तिथल्या एका बाईनं दोन्ही घरच्या सासवांना एकाच चराच्या दोन टोकांना कामाला लावलं. बोलणं झालं नाही, पण चर मध्ये येऊन जुळला.

नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी २०१५ मध्ये नाम फाउंडेशन काढून आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या घरच्या बायकांच्या हातात मदतीचे चेक दिले. सयाजी शिंदेंनी बीडजवळ पालवणच्या डोंगरावर झाडं उभी केली, तिथं २०२० मध्ये वृक्षसंमेलनही झालं. या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. मुलाला हे सांगा, म्हणजे हिरो पडद्याबाहेर काय करतो तेही त्याला बघायची सवय लागेल.

आता त्याच्या ओरडण्याचं. ओरडू नको म्हणून सांगून तो थांबणार नाही, त्याला दुसरं काम द्या. कबड्डीत कॅप्टन बाद झाला की बाहेर बसतो आणि आपल्या संघानं समोरचा गडी बाद केला की बाद झालेल्यांच्या क्रमानं परत आत येतो. त्या वेळात आत काय होतं, ते त्याला बारकाईनं बघायला सांगा. साखळी धरायची वेळ आली तर कोण कोणाचा हात धरतो? चढाईला कोण जायचं, हे पोरं आपसांत ठरवतात का नुसती बाहेर त्याच्याकडं बघतात? बघत असतील तर त्यानं अजून त्यांना काही सोपवलेलंच नाही. मग सरावात मुद्दाम स्वतः बाहेर बसून दुसऱ्याला कप्तानी द्यायची, रोज वेगळ्याला. करा किंवा मराच्या चढाईला, म्हणजे सलग दोन चढाया रिकाम्या गेल्यावर गुण आणावाच लागतो त्या चढाईला, कधीतरी संघातल्या तिसऱ्या-चौथ्या चढाईपटूला पाठवायचं. तो बाद होऊन आला तर पहिला हात कॅप्टननं द्यायचा. पोरं कुणाच्या पाठीमागं जातात, ते अशा बारक्या गोष्टींवरून ठरतं.

आणि त्याच्या शिक्षकांशी एकदा बोलून घ्या. पुष्कळदा पोरगं ओरडतं, कारण हरल्यावर मोठ्यांचा सगळा राग कॅप्टनवर निघतो आणि तोच राग तो संघातल्या पोरांवर काढतो. तसं असेल तर बदल मोठ्यांपासून करावा लागेल.

तुम्ही कोणत्या तालुक्यातले ते लिहिलेलं नाही. धाराशिव, लातूर, बीडकडचे असाल तर खाली कळवा. जत्रेत किंवा दिवाळीच्या सुट्टीत तुमच्याजवळ कबड्डीचे चांगले सामने कुठं होतात ते विचारून सांगतो. त्याला तिथं घेऊन जा आणि शक्यतो संघाच्या राखीव खेळाडूंच्या मागं बसा, तिथून कॅप्टनचं बोलणं ऐकू येतं.