भूगोलाचा प्राध्यापक झालो तर वर्गाबाहेर गावाला काही उपयोग होईल का?

होतो. धुळे जिल्ह्यात 31 वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालोय, म्हणून ठामपणे सांगतो.

आमच्या स्टाफरूममध्ये एक सहकारी कायम म्हणायचे, "भूगोल म्हणजे नकाशात रंग भरणं." ते वाक्य आजही बोचतं. साक्री तालुक्यात एनएसएसचं शिबिर होतं. त्या गावाने पाणाड्याच्या नारळावर विसंबून 50 फूट विहीर खोदलेली, तळाला साधी ओलही नाही. मी टोपोशीट, म्हणजे चढउतार दाखवणारा सविस्तर नकाशा, पसरली तसे एक बाबा जवळ आले, "नकाशामा पानी शे का, सर?" दोन दिवस मुलांना घेऊन शिवार तुडवलं. एका बांधाजवळ काळ्या दगडांची सरळ ओळ दिसली, गुराखी पोरं तिच्यावर बसून भाकरी खायची. तो डाइक. धुळे-नंदुरबारकडे असे पुष्कळ आहेत. बेसाल्टच्या, म्हणजे आपल्याकडच्या काळ्या खडकाच्या, भेगेत खालून शिलारस (वितळलेला खडक) घुसून थिजला की जमिनीत उभी भिंत तयार होते आणि उताराने झिरपत येणारं पाणी तिच्यापाशी अडतं. गावाची विहीर नेमकी भिंतीच्या खालच्या अंगाला होती! मी वरच्या अंगाला नव्या विहिरीसाठी खुंटी ठोकली. पुढच्या उन्हाळ्यात 38 फुटांवर मुरूम ओला लागला. बाबांनी ओंजळभर गढूळ पाणी आणून माझ्या हातावर ओतलं.

पांझरा नदीवरची फड पद्धत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी पाटाने आणून गावाने मिळून वाटून घ्यायची जुनी रीत, हीही मी कधी फळ्यावर शिकवली नाही. मुलांना पाटावर नेलं, पाटाचं पाणी सांभाळणाऱ्या पाटकऱ्यालाच बोलतं केलं. समाजसेवा निवृत्तीनंतरसाठी राखून ठेवायची नसते, ती अभ्यासक्रमातच असते. जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलला केळीपायी भूजल किती खोल गेलंय ते बघा. सातपुड्याच्या पायथ्याला डोंगरातून वाहून आलेल्या गोटेगाळात पाणी चांगलं मुरतं, हे तिथल्या शेतकऱ्याला समजेल असं भूगोलवाल्याने नाही सांगायचं तर कोणी?

नोकरीचं म्हणाल तर अवघड आहे. नेट-सेट होऊनही तासिका तत्त्वावर वर्षं जातात. आणि हो, माझं वाचून कुठेही खुंटी ठोकू नका. डाइक भेगाळलेला असला तर पाणी अडवत नाही, उलट वाहून नेतो. आधी भूजल खात्याकडून तपासून घ्या.

क्षेत्रभेटीला कोणी सहल म्हटलं तरी ती सोडू नका. आणि रंग भरण्याचं कोणी बोललंच, तर त्याला अशा विहिरीच्या काठावर नेऊन उभं करा. मी त्या सहकाऱ्यांना नेलं नाही, ते राहून गेलं.