आधी स्कूलच्या पत्राला उत्तर, मग फीचा वाद

प्रश्न : मी नागपुरात राहतो आणि मिहानमधील एका कंपनीत नोकरी करतो. परदेशातील पाच बिझनेस स्कूलमध्ये एमबीएसाठी अर्ज करायचे म्हणून धरमपेठेतील एका प्रवेश सल्लागाराला मी १,८०,००० रुपये दिले. त्यांतील ४०,००० रोख, पावतीविना. जानेवारीतील दुसऱ्या फेरीची मुदत त्यांनी दोन ठिकाणी चुकवली. तिसऱ्या स्कूलने माझ्या निबंधाचा काही भाग दुसऱ्या उमेदवाराच्या अर्जाशी जुळतो असे कळवून खुलासा मागितला आहे. फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही आणि वाद दिल्लीच्या न्यायालयातच चालेल, असे करारात लिहिले आहे. पैसे परत मिळतील का? पोलिसांत जावे का?

उत्तर : आपण दोन प्रश्न विचारले आहेत, पण निकड आहे ती स्कूलच्या पत्राची; शिवाय फीच्या वादात आपण पुढे जे लिहाल ते या खुलाशाशी ताडून पाहिले जाईल. निबंध नेमका कोणी लिहिला, हे आपल्या पत्रात नाही. अर्जातील मजकूर स्वतःचा असल्याचे प्रतिज्ञापन बिझनेस स्कूल सहसा उमेदवाराकडून घेतात आणि ते सल्लागाराच्या संगणकावरून भरले गेले असले तरी अर्ज आपल्याच नावाचा राहतो. निबंध आपण लिहिला असेल व त्यांनी त्यात परस्पर भर घातली असेल, तर आपले जुने मसुदे तारखांसह जोडून तसे कळवावे. तो त्यांनीच लिहून दिला आणि आपण तसाच स्वीकारला असेल, तर ते मान्य करून अर्ज मागे घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. खोटा खुलासा उद्या उघड झाला तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो. खुलाशाचा मसुदा सल्लागाराकडून करून घेऊ नये आणि सर्व पोर्टलचे पासवर्ड आजच बदलावेत.

आता फीविषयी. शिक्षणसंस्था ग्राहक कायद्याखाली येतात की नाही हा जुना वाद आहे, पण सल्लागार ही शिक्षणसंस्था नव्हे. कोचिंग केंद्रांविरुद्धची तक्रार ग्राहक आयोगापुढे चालते, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२० मध्ये म्हटलेच आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, त्यामुळे करारातील दिल्लीच्या कलमाने आपली नागपूरची वाट अडत नाही. दिलेला मोबदला ५ लाखांच्या आत असल्याने तक्रारीला शुल्कही नाही.

मात्र तक्रार कशावर उभी करायची, हे जपून ठरवावे लागेल. करारातील अट 'अनुचित' म्हणून रद्द करण्याचा अधिकार कायद्याने राज्य आयोगाला व राष्ट्रीय आयोगाला दिला आहे, जिल्हा आयोगाला नव्हे. म्हणून आपण अटीवर हल्ला न करता सेवेतील त्रुटीवर बोट ठेवावे. ठरलेले काम न करताच फी ठेवून घेण्याचा परवाना म्हणून ती अट वाचता येत नाही, हा आपला युक्तिवाद असेल. दोन अर्ज मुदतीत गेले नाहीत, ही आपली भक्कम बाजू. त्यावर 'कागदपत्रे उशिरा मिळाली' असे उत्तर येणार हे गृहीत धरून आपण कोणती कागदपत्रे कधी पाठवली याची तारीखवार नोंद तयार ठेवावी. 'निबंध चांगला लिहून दिला नाही' ही तक्रार मात्र मुळीच करू नये. जे काम मुळात आपले होते ते दुसऱ्याकडून करून घेतल्याची ती कबुली ठरेल. आयोगाने विचारले तर सत्य सांगावेच लागेल, पण ती आपल्या मागणीची पायरी होऊ नये.

रोख रकमेसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर 'मिळाले' एवढा संदेश असला तरी उपयोगाचा आहे. तो मोबाइलवरून पुसू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चे, म्हणजे तो पुरावा कोणत्या उपकरणातून व कसा घेतला हे सांगणारे प्रमाणपत्र जोडावे लागते.

किती मिळेल? चुकलेल्या दोन अर्जांच्या प्रमाणात फी, व्याज, मानसिक त्रासाची माफक भरपाई आणि तक्रारखर्च एवढी अपेक्षा वाजवी आहे. बुडालेल्या भावी पगाराची मागणी करू नये; प्रवेश मिळालाच असता हे कोणी सिद्ध करू शकत नाही.

पोलिसांविषयी : भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालील फसवणुकीसाठी पैसे घेतानाच लबाडीचा हेतू होता हे दिसावे लागते. ज्याने काही अर्ज खरोखर भरले, त्याच्याबाबत तो हेतू दाखवणे कठीण. 'हमखास प्रवेश' अशी लेखी जाहिरात आपल्याकडे असेल तर ती जपून ठेवावी, पण तिचा उपयोग आयोगापुढे अधिक होईल.

प्रथम वकिलामार्फत १५ दिवसांची नोटीस पाठवावी आणि मूळ गुणपत्रिका सल्लागाराकडे अडकल्या असतील तर त्याही तिच्यातच मागाव्यात. तक्रारीची मुदत दोन वर्षांची असून आपल्या बाबतीत ती जानेवारीतील त्या चुकलेल्या तारखांपासून मोजावी; सल्लागार तडजोडीची बोलणी लांबवत राहिले तरी ती थांबत नाही.