गुहागरच्या घरात ॲक्सोलॉटलची पिल्लं वाढवून विकता येतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गुहागरजवळ जुनं घर आहे, माजघर रिकामं आहे, ॲक्सोलॉटलची (जन्मभर पाण्यातच राहणाऱ्या, कल्ले असलेल्या सॅलमँडरची) एक जोडी घ्यायचा विचार आहे. मादी एका खेपेला पाचशे अंडी घालते असं वाचलंत, तर निम्मी पिल्लं जगली तरी पहिल्या वर्षात चिलरचे (टँकचं पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्राचे) पैसे सुटतील का, आणि नवख्या माणसाने काय सांभाळावं?

मी देवगड तालुक्यात राहते. घरीच एक जोडी पाळून पहिल्या खेपेची पिल्लं मोठी केली आणि विकली, म्हणून लिहिते आहे. पहिल्या वर्षात पैसे सुटणार नाहीत. तुमचा हिशोब अंड्यांपासून सुरू होतो, आणि मला तिथेच तो पटत नाही. शंभरापासून हजारापर्यंत कितीही अंडी मिळतील, त्यात काही अडचण नाही. रोज दोन वेळा जिवंत खाणं आणि बारा महिने थंड पाणी तुम्ही किती पिल्लांना देऊ शकता आणि त्यातल्या किती जणांना पुढे तसंच थंड पाणी देणारं घर मिळेल, तो आकडा आधी काढा. अंडी तेवढीच ठेवायची. एका माणसाला, घरची कामं सांभाळून, चाळीसच्या आसपास पिल्लं नीट वाढवता येतात. पाचशेचा विचार मनातून काढून टाका.

आता थंडीचं. या प्राण्याचं मूळ मेक्सिको शहराजवळच्या सोचिमिल्कोच्या कालव्यांत आहे, समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचीवर. पाणी 16 ते 18 अंश असलं की तो खूश, 20 पर्यंत ठीक, 24 च्या वर गेलं की खाणं सोडतो, कल्ले आक्रसतात, अंगावर बुरशी धरते. आपल्याकडे मे महिन्यात माजघरातल्या टबातलं पाणीसुद्धा 29-30 अंशांवर असतं. विहिरीचं पाणी हाताला गार लागतं, पण तेही सव्वीस-सत्तावीसच्या खाली नसतं. पुण्या-नाशकाकडचे लोक टँकवर छोटा पंखा लावतात आणि तेवढ्यावर उन्हाळ्याचा बराच भार पेलतात, कारण तिथली हवा कोरडी, पाणी भराभर उडतं आणि दोन-चार अंश उतरतात. कोकणच्या दमट हवेत तो पंखा नुसता फिरतो. गोठवलेल्या बाटल्या सोडून दिवस काढणारेही आहेत. त्याने पाणी दुपारी गार, पहाटे गरम असं वरखाली होत राहतं आणि जनावराला तेच जास्त बाधतं.

चिलर घेणार असाल तर एक विचार करा. चिलर एका मोठ्या टँकसाठी छान आहे. पिल्लं मात्र वीस-पंचवीस छोट्या डब्यांत असतात, आणि प्रत्येक डब्याला चिलर लावता येत नाही. शिवाय चिलर पाण्यातली उष्णता काढून खोलीतच फेकतो, म्हणजे बंद माजघर आणखी तापणार. म्हणून मी चिलर न घेता एक लहान खोली वेगळी काढली, छताला आणि दाराला थर्माकोल मारला आणि एसी बसवला. जांभ्याच्या जाड भिंतींचं माजघर असेल तर तुमचं अर्धं काम आधीच झालेलं आहे. एसीचा बाहेरचा डबा समुद्राच्या बाजूला बसवू नका, खारी हवा त्याची जाळी खाऊन टाकते. आणि बिलाचा अंदाज घेताना लक्षात ठेवा, महावितरणचा घरगुती दर 100 आणि 300 युनिटच्या टप्प्यांवर चढतो. अखंड चालणारा एसी तुम्हाला वरच्या टप्प्यात नेणार, आणि त्या टप्प्यावरची सगळी युनिटं चढ्या दराने पडणार.

वीज जाते, त्याची तयारी पैशांच्या आधी करा. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं, तेव्हा दापोली-मंडणगडातली कितीतरी गावं बरेच दिवस अंधारात होती. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आलं. इन्व्हर्टरवर एअर पंप रात्रभर चालतो, एसी चालत नाही. अशा वेळी कोकणात राहण्याचा एक मोठा फायदा आहे: बंदरावरचा बर्फाचा कारखाना. मासळीचे थर्माकोलचे मोठे खोके आणून ठेवा. वीज गेली की डबे त्यात उतरवायचे आणि शेजारी जाड पिशवीत बांधलेली बर्फाची लादी ठेवायची. तो बर्फ वितळून पाण्यात मिसळता कामा नये, मासळीसाठी बनवलेल्या बर्फात काय असतं ते आपल्याला माहीत नसतं.

कागदपत्रांकडे लोक सर्रास दुर्लक्ष करतात, तुम्ही करू नका. ॲक्सोलॉटल साइट्स कराराच्या, म्हणजे वन्य जिवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, परिशिष्ट दोनमध्ये आहे. आपल्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यात 2022 मध्ये दुरुस्ती झाली आणि या करारातले प्राणी अनुसूची चारमध्ये आले. 2024 च्या फेब्रुवारीत नोंदणीचे नियम निघाले. प्राणी ताब्यात असल्याची नोंदणी, जन्म, मृत्यू, दुसऱ्याला दिल्याची नोंद, हे सगळं केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करायचं असतं. म्हणून जोडी घेताना विकणाऱ्याकडून त्याचे कागद मागा. तो ‘याला काही लागत नाही’ म्हणाला तर तिथून घेऊ नका, कारण उद्या तुमच्या पिल्लांचे कागदही त्याच्याच कागदांवर उभे राहणार आहेत. तुम्हाला चिपळूणचं वनविभागाचं कार्यालय जवळ आहे. विक्री करायची आहे हे स्पष्ट सांगून तिथे लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या.

जोडी निवडताना नात्याचा विचार करा. एकाच दुकानातल्या एकाच टँकमधले नर-मादी बहुतेक वेळा सख्खे भाऊबहीण असतात. 1860 च्या दशकात मेक्सिकोहून पॅरिसला 34 ॲक्सोलॉटल नेले गेले, त्यातले सहा ड्युमेरिल नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाला मिळाले, आणि जगभरच्या प्रयोगशाळांतली नि घरांतली पुष्कळशी वंशावळ त्या मोजक्या प्राण्यांपर्यंत जाते. आधीच आटलेल्या रक्तात आणखी भाऊबहीण मिळवले तर कमकुवत पिल्लं निघतात. दोन गावांतून दोन प्राणी घ्या. मादी दीड वर्षाची होईपर्यंत तिला नरासोबत ठेवू नका आणि एका खेपेनंतर किमान सहा महिने वेगळी ठेवा. नर तिला सोडत नाही, आणि अंडी घालून घालून ती खंगते.

पाण्याबद्दल आमच्या बाजूचा अनुभव तुम्हालाही लागू पडेल. जांभ्यातल्या विहिरींचं पाणी मऊ आणि किंचित आंबट असतं, या प्राण्याला थोडं जड पाणी मानवतं. किनाऱ्यावरचे स्वच्छ धुतलेले, उकळलेले शिंपले जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरजवळ ठेवले की हळूहळू फरक पडतो. तळाला वाळू-खडी नको, ती गिळतात आणि आतडं अडतं. नर आपली शुक्राणूंची पांढरी, चिकट टोपणं तळाला चिकटवतो आणि मादी ती वरून उचलून घेते, त्याला खरखरीत जागा लागते. कडप्प्याचा एक तुकडा, खालच्या खरखरीत बाजूने, पुरेसा आहे. चिऱ्याचा तुकडा ठेवू नका, तो झिजून पाणी लाल करतो.

अंडी झाडांच्या पानांवर एकेक चिकटवलेली दिसतील. ती लगेच वेगळ्या टबात काढा, आईबाप खाऊन टाकतात. आणि आता सगळ्यात अवघड काम. साठेक चांगली अंडी ठेवा. उरलेली पहिल्या दिवशीच, आतला काळा ठिपका अजून गोल आहे, लांबट झालेला नाही, तोवर डीप फ्रीझरमध्ये ठेवून द्या. मज्जासंस्था तयार होण्याआधीचं हे काम आहे, त्या अंड्याला यातलं काही कळत नाही. आमच्या घरी यावर बरंच बोलणं झालं. सासूबाईंना ते पाप वाटत होतं, आणि त्यांचं वाटणं मला चुकीचं वाटत नाही. पण चारशे पिल्लं बाहेर आली आणि खायला पुरलं नाही, तर ती एकमेकांचे पाय, कल्ले, शेपट्या तोडून खातात आणि रोज सकाळी डब्यांत मेलेली सापडतात. त्यापेक्षा मी फ्रीझर कधीही पत्करेन.

‘उरलेली परसातल्या विहिरीत सोडू’ असं कुणी सुचवलं तर साफ नकार द्या. विहिरीत नाही, तळीत नाही, व्हाळात नाही. टबातलं पाणीसुद्धा व्हाळाला जाऊ देऊ नका, माडाच्या आळ्यात ओता. परदेशी उभयचरांबरोबर बुरशीचे रोग येतात, आणि आपल्या डोक्यावरच्या सह्याद्रीत असे बेडूक आहेत जे जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. आंबोलीचा वाघासारख्या पट्ट्यांचा भेक 2009 मध्ये शास्त्रात नोंदला गेला. तो फक्त त्या परिसरात सापडतो. आपल्या छंदापायी त्याला धोका पोचता कामा नये.

दोन-तीन आठवड्यांत पिल्लं बाहेर येतात, जेमतेम एक सेंटिमीटरची. पहिले दोन-तीन दिवस पोटातल्या बलकावर काढतात, मग फक्त हलणारं खाणं दिसतं. इथे आर्टेमियाशिवाय, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जिवाशिवाय, पर्याय नाही, आणि कोकणासारखी आर्टेमियाची जागा नाही! त्याच्या अंड्यांना खारं पाणी, 28 अंशांची ऊब, उजेड आणि हवेचे बुडबुडे लागतात. समुद्राचं पाणी कापडातून गाळून आणा, खाडीच्या तोंडाचं नको, पावसाळ्यातलं तर मुळीच नको. पडवीत उलटी बाटली टांगा. दिवसभरात नारिंगी ठिपके वळवळायला लागतात. गाळून गोड्या पाण्यात धुऊन द्या. म्हणजे एका भिंतीच्या अलीकडे 18 अंश आणि पलीकडे 28, दोन्ही सांभाळायचे. गोड्या पाण्यात आर्टेमिया काही तासांत मरतो आणि सडतो, म्हणून रोज सगळं पाणी बदलायचं, आणि बदलायचं पाणी आदल्या रात्रीच त्या थंड खोलीत आणून ठेवायचं.

पुढचे पाय फुटू लागले की चावाचावी सुरू होते. आकाराप्रमाणे वेगळी करा, दर दोन दिवसांनी पुन्हा निवडा. तुटलेला पाय परत येतो हे खरं, पण पाय तुटलेलं पिल्लू मी विकत नाही, पुरता फुटेपर्यंत ठेवते. मोठी झाल्यावर गांडुळं द्या. गांडूळखताच्या वाफ्यातली बारीक लाल गांडुळं पुष्कळदा थुंकून टाकतात, जाडी मातीतली आवडीने खातात. कलमांच्या बागेतून मात्र आणू नका. फवारणी आणि आंब्याला मोहोर यावा म्हणून मुळाशी घातलेलं कल्टार, दोन्ही त्या मातीत असतं.

वेळापत्रक आपल्या सणांशी जुळवा. गणपतीत घर चाकरमान्यांनी भरलेलं असताना पिल्लांना दोन वेळा खायला कोण घालणार? मी जोडी नवरात्रात एकत्र ठेवते. पाऊस सरत आलेला, वीज जरा भरवशाची. पिल्लं सात-आठ सेंटिमीटरची होतात ती जानेवारी-फेब्रुवारीत, आणि तेवढाच काळ आपल्याकडे ती बाहेर न्यायला योग्य आहे. त्याहून लहान पिल्लू देऊ नका. गिऱ्हाइकाने स्वतः यावं, पहाटे घाट चढावा, पिल्लू मासळीच्या थर्माकोलच्या खोक्यात, दोन दिवस उपाशी ठेवलेलं, म्हणजे वाटेत पाणी घाण होत नाही. देण्याआधी मी त्यांच्याकडून टँकमधल्या थर्मामीटरचा फोटो मागते, सकाळचा आणि दुपारचा. कोल्हापूरच्या एका मुलाने तो आठवडाभर रोज पाठवला, त्याला मी दोन दिली आणि पैसे कमी घेतले. कुर्ल्याच्या बाजारात घाऊक देण्याचा सल्लाही मिळतो. पण तिथून पुढे कुणाच्या हातात जातं, कसल्या पाण्यात राहतं, हे आपल्याला कधीच कळत नाही, आणि नोंद कुणाच्या नावाने करायची हाही प्रश्न उरतो.

जोडी घेण्याआधी एक करा. येत्या मार्चपासून माजघरात दोन टब पाण्याने भरून, स्पंज फिल्टर लावून, प्राणी न ठेवता चालवा. फिल्टरमधले जिवाणू जगायला थोडं माशांचं खाणं रोज टाकत राहा, त्यांना तयार व्हायला तसाही महिना-दीड महिना लागतो. थंड करायची जी सोय केली असेल ती मेअखेरपर्यंत अखंड चालू ठेवा आणि दुपारी तीनला पाण्याचा अंश वहीत लिहा. एखाद्या शनिवारी मेन स्विच सहा तास बंद ठेवून पाणी किती चढतं तेही बघा. तीन महिन्यांची बिलं आणि ती वही समोर ठेवून किती पिल्लं पेलतील ते ठरवा. हवं तर तेव्हा इथेच आकडे टाका, मी बघून सांगेन.